सत्तावीस हजारांचं ‘काम’

खिशात मावणारा एक चाकू. अर्धे शौकीन म्हणतात जगात भारी, अर्धे म्हणतात शुद्ध येडेपणा. आणि मी तो घेऊन बसलोय!

आधी एक कन्फेशन. बायकोशी मी खोटं बोललो नव्हतो. ‘सेकंडहँड आहे गं,’ एवढंच म्हणालो होतो आणि ते शंभर टक्के खरं होतं. आता सेकंडहँड ऐकून तिने मनातल्या मनात पाचशे-हजाराचा हिशेब केला असेल, तर त्यात माझा काय दोष?

वस्तू काय, तर घडीचा चाकू. मिटला की तळहातात मावतो, पातं जेमतेम तीन इंच. रंग राखाडी, मॅट फिनिश, चमकधमक शून्य. टेबलावर ठेवला तर कुणी दुसऱ्यांदा बघणारही नाही. किंमत? तीनशे वीस डॉलर, म्हणजे सत्तावीस हजार रुपये. जुना म्हणून स्वस्त हं! नवा घ्यायला गेलात तर साध्यात साधा चारशे डॉलरच्या पुढे.

याचं नाव सेबेंझा. चाकूवेड्यांच्या कुठल्याही मैफलीत हा शब्द नुसता टाकून बघा. आपल्याकडे मिसळीचा विषय निघाल्यावर पुणेकर आणि कोल्हापूरकरांचं जे होतं, तेच होतं.

माझी आणि त्याची भेट झाली बॉइसीत. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याची ही राजधानी. मेमरी चिप्स बनवणाऱ्या मायक्रॉनचं मुख्यालय इथलंच, त्यामुळे गावात देशी इंजिनीअर बऱ्यापैकी. माझा मामेभाऊ त्यातलाच एक. मी सिएटलला कंपनीच्या कामाला गेलो होतो, वीकेंडला त्याच्याकडे टपकलो. शनिवारी त्याच्या घरी बार्बेक्यू होतं. त्याच्या एका मित्राने सफरचंद कापायला खिशातून हा चाकू काढला आणि दुसरा मित्र लगेच म्हणाला, ‘आला बघा म्युझियम पीस!’ पुढचा दीड तास मटण बाजूलाच राहिलं. मी नुसता टेनिसची मॅच बघावी तशी मान फिरवत होतो.

तर थोडं बॅकग्राऊंड. हा चाकू बनवणारा क्रिस रीव्ह मूळचा दक्षिण आफ्रिकेचा. १९८९ मध्ये तो बॉइसीला आला आणि तिथेच त्याचा कारखाना उभा राहिला. ‘सेबेंझा’ हा झुलू भाषेतला शब्द. अर्थ अगदी सोपा, ‘काम’. दागिना नाही, खेळणं नाही, काम! हे लक्षात ठेवा, कारण सगळी भांडणं फिरून इथेच येतात.

रीव्हची करामत होती लॉकमध्ये. घडीच्या चाकूची सगळ्यात मोठी भीती म्हणजे कापताना पातं बोटांवर मिटणं. त्यावर मायकल वॉकर नावाच्या कारागिराने आधीच एक उपाय काढला होता. मुठीच्या आत पातळ पत्र्याची एक पट्टी असायची. पातं उघडलं की ती स्प्रिंगसारखी सरकून पात्यामागे अडायची. रीव्हने ही वेगळी पट्टीच काढून टाकली. टायटॅनियमच्या जाड मुठीलाच लांब चीर पाडली आणि मुठीचाच तो मोकळा भाग पात्यामागे आणून बसवला. यामुळे तुम्ही मूठ जितकी आवळाल तितकं लॉक घट्ट. ऐकायला साधं वाटतं, पण आज ही पद्धत जगभरच्या कंपन्या वापरतात, अगदी दोन-तीन हजारांच्या चायनीज चाकूंतसुद्धा.

आणि गंमत बघा, पहिली तक्रारही इथूनच सुरू होते. ज्याची कॉपी सगळ्यांनी केली, त्या ओरिजिनलला एवढे पैसे का मोजायचे?

स्लो की रॉयल?

सफरचंदवाल्याने मला चाकू हातात दिला. अंगठ्याने पातं ढकललं. फट्कन वगैरे उघडलं नाही. तेलात सुरी फिरावी तसं एका लयीत सरकत गेलं आणि शेवटी ‘टक्’. बँकेच्या तिजोरीचं दार लागावं तसा जड, बंद आवाज. भक्तमंडळी या फीलला ‘हायड्रॉलिक’ म्हणतात आणि म्हणताना डोळे मिटतात.

मग म्युझियमवाल्याने त्याचा चाकू काढला. वी नावाच्या चिनी कंपनीचा. आत बॉल बेअरिंग्ज, बोट लावलं की पातं सण्णकन बाहेर. किंमत जवळपास निम्मी, स्टील जास्त कडक, फिनिशिंगला नाव ठेवायला जागा नाही. ‘सांग आता,’ तो म्हणाला, ‘वरचे पैसे कशाचे? नावाचे?’

खरं सांगू, मला त्याचं पटलं. १९९० च्या सुमाराला एवढ्या काटेकोर मापात घडीचा चाकू बनवणं ही खायची गोष्ट नव्हती. आज सीएनसी मशीन्स सगळीकडे आहेत. वी, रिएट यांच्यासारख्या चिनी कंपन्या ते माप सहज गाठतात. सेबेंझा मात्र फारसा बदललाच नाही. २००८ मध्ये डिझाइनला एकवीस वर्षं झाली म्हणून ‘सेबेंझा २१’ आला, २०१९ च्या शेवटी ‘३१’. दोन्ही शेजारी ठेवले तर सामान्य माणसाला फरक शोधायला भिंग लागेल. ३१ मध्ये लॉकच्या टोकाशी सिरॅमिकची बारीक गोळी आली आणि क्लिप थोडी तिरकी झाली. त्या तिरक्या क्लिपवरून जुन्या भक्तांनी जो गळा काढला, तो ऐकला तर आपल्या घरच्या सासू-सुनांची भांडणं मवाळ वाटतील.

सगळ्यात तापलेला मुद्दा स्टीलचा. एस-३०-व्ही हे चाकूंच्या दुनियेतलं गाजलेलं स्टील २००१ मध्ये आलं. ते क्रुसिबल कंपनीच्या डिक बार्बरने तयार केलं आणि त्यात क्रिस रीव्हचा सल्ला होता. पण रीव्हने स्वतःच्या चाकूत ते रॉकवेल स्केलवर ५८-५९ एवढंच कडक ठेवलं. बाकीच्या कंपन्या ६० च्या वर जात होत्या. स्टील जितकं कडक तितकी धार जास्त दिवस टिकते, हे साधं गणित. मग विरोधकांना आयतं कोलीतच मिळालं: एवढे पैसे घेता आणि स्टील मऊ ठेवता? रीव्हच्या बाजूचं उत्तर असं की कडक पातं टवका उडून तुटतं आणि त्याला धार लावताना माणूस रडतो. काम करणाऱ्याला घरच्या दगडावर धार लावता आली पाहिजे. पुढे कंपनीने एस-३५-व्हीएन, एस-४५-व्हीएन करत मॅग्नाकटपर्यंत स्टीलं बदलली, पण हा वाद काही मिटला नाही.

आणि तिसरी जमात, जी मला सगळ्यात भन्नाट वाटते. ही मंडळी सेबेंझा विकत घेतात आणि कपाटात ठेवतात. मुठीत लाकूड बसवलेला, दमास्कस पात्याचा, नक्षीचा. एकदाही काही कापलेलं नाही, कारण ओरखडा पडला तर रिसेलला भाव पडेल. नाव ‘काम’ आणि नशिबी व्हीआरएस!

एवढं सगळं ऐकूनही मी घेतला. का? तो ‘टक्’ डोक्यातून जाईना, बॉस. भावाने ओळखीतून जुना ‘२१’ मिळवला, सोबत कारखान्यातून निघाल्याची तारीख लिहिलेलं कार्ड, साल २००९. दिवाळीत तो पुण्याला आला तेव्हा चेक-इन बॅगेतून घेऊन आला. (हौसेने केबिन बॅगेत टाकाल तर सिक्युरिटीवाले काढून घेतील, आधीच सांगतोय.)

बाबांचा रिपोर्ट

माझे बाबा तेहतीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. मला वाटलं, चिडतील. त्यांनी चाकू घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि तो कानाशी नेऊन उघडला. मग पात्याचं टोक धरून डावी-उजवीकडे हलवून बघितलं. हलेना.

‘ॲलन की आहे?’

होती. तीही चाकूसोबतच आली होती. हा चाकू मालकाने घरी उघडावा, पुसावा, पुन्हा जोडावा असाच बनवलाय. बाबांनी पेपर पसरला आणि पाच मिनिटांत सगळा संसार मांडला. पितळी रंगाच्या दोन फॉस्फर ब्राँझ वॉशर्स, एक छोटा बुश, पातं.

‘हे बघ,’ बुश नखावर ठेवून म्हणाले, ‘बाकीच्या चाकूंत स्क्रू थोडा ढिला, थोडा घट्ट करत बसावं लागतं. यात हा बुश, वॉशर आणि पात्याचं बूड एकमेकांच्या मापात ग्राइंड केलंय. स्क्रू पूर्ण आवळून टाक, पातं जाम होणार नाही आणि खुळखुळणार पण नाही. काम केलंय पठ्ठ्याने.’

झुलू भाषेचं बाबांना काहीही माहीत नव्हतं, शप्पथ.

‘रॉकवेल किती?’ मी जरा दबकतच अठ्ठावन्न-एकोणसाठ सांगितलं. बाबा उठले आणि स्वयंपाकघरातून त्यांची सुरी घेऊन आले. आमच्या घरात आईने दुधाच्या पिशव्या आयुष्यभर हिनेच फोडल्या. तुटलेलं पॉवर हॅकसॉचं ब्लेड घासून १९८६ साली बनवलेली, मुठीला इन्सुलेशन टेप. टूलरूममधल्या प्रत्येकाच्या घरी अशी एक असायची. ‘हायस्पीड स्टील. बासष्टच्या वर असेल. धार बघ अजून. पण एकदा ओट्यावरून पडली आणि टोक गेलं.’ टोक खरंच नव्हतं. ‘तुझा माणूस बरोबर आहे.’

मी फुशारलो. तेवढ्यात बाबा म्हणाले, ‘पण तू कापतोस काय याने?’

कुरिअरचे बॉक्स. मी गप्प बसलो.

मे महिन्यात रत्नागिरीहून आंब्याच्या चार लाकडी पेट्या आल्या. बाबांनी हात पुढे केला, मी चाकू दिला. पहिल्या पेटीची सुतळी कापली, फळीखाली पातं सरकवलं आणि ‘कर्र’ असा आवाज आला. खिळा! माझ्या पोटात खड्डा पडला. बाबांनी पातं खिडकीच्या उजेडात धरून बघितलं.

‘तुटली नाही. धार वळलीय नुसती. दगड आण.’

आम्ही दोघं गॅलरीत बसलो. दहा मिनिटांत धार परत आली, पात्यावर मात्र एक ओरखडा राहिला, खिळ्याएवढाच लांब. मी तो पुन्हा पुन्हा अंगठ्याने पुसत होतो.

‘एवढं तोंड पाडायला काय झालं?’ बायको म्हणाली. ‘सेकंडहँडच होता ना?’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी आकडा सांगितला.

ती काही क्षण काहीच बोलली नाही. मग पायाने उरलेल्या तीन पेट्या माझ्याकडे सरकवल्या. ‘सत्तावीस हजार? मग ह्या पण त्यानेच उघड.’