निकामी म्हणजे निर्धोक नव्हे

तिवशाच्या बाजारात भंगारवाला लोखंड, पितळ, अ‍ॅल्युमिनियम वेगळे करतो, तराजूत टाकतो आणि व्यवहार संपतो. धातू कोणता, एवढाच त्याचा प्रश्न असतो. लष्कराच्या भंगाराला मात्र त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो : ही वस्तू अजून काय करू शकते?

त्या उत्तरावरून मी या सामानाचे चार गट पाडतो. तंबू, भांडी, खुर्च्या यांचा सरळ लिलाव करता येतो. जुन्या ट्रकमधले तेल आणि बॅटरीतले आम्ल आधी काढावे लागते. तिसरा गट बंदुकीच्या नळीसारख्या वस्तूंचा. ती फुटत नाही, पण भलत्या हाती पडली तर पुन्हा शस्त्र होते. म्हणून ती कापून, चेपूनच विकायची. अमेरिकेत अशा वस्तूंना सांकेतिक अक्षरेच दिलेली असतात. ‘ए’ म्हणजे मोडतोडीची गरज नाही, ‘डी’ म्हणजे संपूर्ण नष्ट करा.

चौथा गट दारूगोळ्याचा, आणि खरी कसोटी इथेच. त्याचेही जगभर मान्य असलेले सहा वर्ग आहेत. पहिल्या वर्गातला सारा साठा एकदम उडतो, दुसऱ्यातून तुकडे भिरकावले जातात, तिसरा मुख्यतः भडकून जळतो, चौथ्याचा धोका बहुधा पेटीपुरताच राहतो. उरलेले दोन सहजासहजी न पेटणाऱ्या स्फोटकांचे. कोणती पेटी कोणाशेजारी ठेवायची, वाहून कशी न्यायची, हे या वर्गीकरणावरून ठरते. वय वाढले की दारू थंड पडते, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात काही दारू जुनी होताना अधिक नाजूक होते.

याची किंमत आपल्या शेजाऱ्यांनी मोजली आहे. वर्धा नदीपलीकडे पुलगावला लष्कराचे मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ रोजी तिथे आग लागून स्फोट झाले आणि १९ जण मृत्युमुखी पडले. तिथल्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होते, असे पुढे आले. नंतर २० नोव्हेंबर २०१८ रोजी याच परिसरात, सोनेगाव (आबाजी) जवळच्या मैदानावर, जुना दारूगोळा नष्ट करण्यासाठी आणलेल्या पेट्या उतरवताना स्फोट झाला. सहा जण गेले. त्यांत आसपासच्या खेड्यांतले मजूरही होते. कागदावर तो माल ‘निकामी’ होता. पेटी उचलणाऱ्याला मात्र त्या शब्दाचा अर्थ ‘निर्धोक’ असा लागू शकतो.

म्हणूनच स्फोटके काढल्यावर उरलेल्या धातूला ‘स्फोटकमुक्त’ असा दाखला लागतो. तो देणाऱ्याने नग न नग तपासलेला असावा लागतो, कारण पुढे भट्टीपाशी उभा असलेला कामगार त्या एका सहीवर विसंबून असतो. २००४ साली गाझियाबादजवळच्या पोलाद कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातले जिवंत गोळे फुटून कामगार दगावले. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक झाले.

शेतात, नाल्यात किंवा भंगाराच्या ढिगात गोळ्यासारखे काही दिसले, तर हे वर्गीकरण आपण करू नये. हात लावू नका, ठोकून पाहू नका. दूर व्हा, मुलांना दूर ठेवा आणि ११२ वर कळवा. पितळेचे चार पैसे सुटतील, पण ते मोजायला हात शाबूत हवेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)