हुंडीची पैठ आणि बिटकॉईनची चावी

पिंपळगाव राजा, खामगाव, नांदुरा या पट्ट्यातील व्यापार पिढ्यान्‌पिढ्या कापसावर उभा राहिला. खामगावचा कापूस बाजार इतका मोठा होता की, १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत स्वतंत्र लोहमार्ग टाकण्यात आला. त्या काळी पेढीवरची मोठी रक्कम परगावी जात असे ती थैलीतून नव्हे, तर हुंडीने. कागदाचा एक तुकडा, त्यावरील चार ओळी आणि पाठीमागे घराण्याची पत, एवढ्यावर लाखांचे व्यवहार होत. आज त्याच बाजारपेठांतील तरुण पिढी मोबाईलवर बिटकॉईनचे भाव पाहत असते. वडीलधाऱ्यांना तो निव्वळ सट्टा वाटतो. तरुणांना हातची संधी निसटत असल्याची रुखरुख लागते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. वाद भरकटतो तो दोन वेगळ्या वस्तू एकच मानल्यामुळे. ब्लॉकचेन ही वही आहे, बिटकॉईन हे त्या वहीत नोंदले जाणारे नाणे. वही उपयुक्त आहे म्हणून नाण्याला मोल येतेच असे नाही, आणि नाण्याचा भाव कोसळला म्हणून वही निरुपयोगी ठरत नाही.

या वहीची रचना व्यापारी घराण्यास समजण्यास कठीण नाही. कीर्दीत पानाच्या तळाची बेरीज ‘मागील पानावरून’ म्हणून पुढील पानावर ओढली जाते. मधल्या पानावर कोणी खाडाखोड केली तर पुढील सर्व पाने चुकतात. ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक नोंदसंचात आधीच्या संचाची गणिती खूण गुंफलेली असते. शिवाय ही वही एका पेढीच्या कपाटात नसून हजारो संगणकांवर तिच्या तंतोतंत प्रती असतात. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी ही कल्पना मांडली गेली आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉईनच्या वहीचे पहिले पान उघडले.

आपल्या परिसरात या वहीचा खरा उपयोग संभवतो तो गोदामात. शेतमाल तारण ठेवून कर्ज घेण्याची पद्धत येथे नवी नाही. राज्य कृषी पणन मंडळाची तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून सुरू आहे आणि बुलढाणा अर्बनची गोदामे व मालतारण कर्ज जिल्ह्याच्या परिचयाचे आहे. या व्यवहारातील जुने दुखणे म्हणजे सोयाबीनच्या एकाच थप्पीवर दोन ठिकाणांहून उचललेले कर्ज किंवा बनावट वखार पावती. महाराष्ट्र राज्य वखार महामंडळाने ब्लॉकचेनवर वखार पावत्या नोंदवून त्यांच्या आधारे राज्य सहकारी बँकेकडून कर्ज मिळण्याची व्यवस्था उभी केली. पावती एकदा तारण म्हणून नोंदली गेली की तीच पावती दुसऱ्या बँकेत चालत नाही. गडचिरोलीतील एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रे अशाच वहीत नोंदविण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला; दाखला खरा की खोटा, हे पडताळण्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागू नयेत हा त्यामागील हेतू.

तरीही वहीची मर्यादा विसरता येत नाही. पोत्यातील तूर ओली की सुकी, थप्पीत पोती शंभर की नव्वद, हे ब्लॉकचेनला कळत नाही. ते गोदामपालाच्या सचोटीवरच अवलंबून राहते. खोटी नोंद एकदा केली की ती खोटी नोंदच अमर होते. आणि वखार पावतीची साधी इलेक्ट्रॉनिक नोंदणी देशात ब्लॉकचेनवाचूनही चालू आहे. त्यामुळे ‘आमची कंपनी ब्लॉकचेनवर आहे’ एवढे ऐकून कोणी पैसे गुंतवू नयेत.

आता नाण्याकडे वळू. बिटकॉईनची एकूण संख्या २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाही, अशी त्याची रचना आहे. नव्याने निर्माण होणारी नाणी साधारण चार वर्षांनी निम्मी होतात, तशी ती एप्रिल २०२४ मध्ये झाली. या दुर्मीळतेमुळे समर्थक त्याला सोन्याची उपमा देतात. परंतु सोन्याचा दागिना होतो, बँक त्यावर कर्ज देते. बिटकॉईनवर व्याज नाही, लाभांश नाही, भाडे नाही. पुढील ग्राहक अधिक देईल ही अपेक्षा हाच त्याचा पाया. भाव नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलर होता, वर्षभरात तो १६ हजारांच्या आसपास आला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. ज्याने धीर धरला त्याला फायदा झाला हे खरे. पण मधल्या वर्षी ज्याच्या घरी लग्न निघाले किंवा ज्याला देणे चुकवायचे होते, त्याला धीर परवडला नसता. कापसाच्या व्यापाऱ्यांना याची जुनी ओळख असावी. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावांवर मुंबईत एकेकाळी आकड्यांचा जुगार चाले. त्यात कापसाचे बोंडही कोणाच्या दारी येत नसे. मटका त्यातूनच निघाला.

कायद्याने हे नाणे चलन नाही आणि त्यावर बंदीही नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. मात्र मुदत ठेवीला पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण असते, ते येथे एका रुपयाचेही नाही. वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली, ग्राहकांना पैसे काढणे बंद झाले आणि पुढील प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेले.

त्याहून मोठा घाव महाराष्ट्राने गेनबिटकॉईनमध्ये सोसला. अमित भारद्वाज याच्या या योजनेत दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, असे आश्वासन होते. म्हणजे मुद्दलाच्या एकशे ऐंशी टक्के! व्यापारी माणसाने पहिला प्रश्न विचारायला हवा होता की एवढा नफा देणारा स्वतः बँकेकडून दहा-बारा टक्क्यांनी कर्ज का घेत नाही? पुढे गुंतवणूकदारांच्या हाती बिटकॉईनऐवजी कंपनीचेच एमकॅप नावाचे नाणे ठेवण्यात आले, ज्याला बाजारात किंमत उरली नाही. पुणे पोलिसांनी भारद्वाजला २०१८ मध्ये अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. तपास पुढे सीबीआयकडे गेला. योजनेचा प्रसार झाला तो ओळखीतून, नात्यातून. ‘अमक्या काकांनी ठेवले आहेत’ एवढी ग्वाही लोकांना पुरली. बिरादरीतील विश्वास ही व्यापाराची पुंजी असते, आणि अशा योजना नेमकी तीच वापरतात.

करआकारणीचा हिशेब अनेकांना उशिरा कळतो. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट तीस टक्के कर आहे आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्यातील नफ्यातून वजा होत नाही. एका नाण्यात १ लाख नफा आणि दुसऱ्यात ८० हजार तोटा झाला, तर हाती २० हजार राहतात. पण कर लागतो पूर्ण लाखावर, उपकरासह ३१ हजार २०० रुपये. फायद्याच्या व्यवहारात खिशातून ११ हजार २०० गेले. दुकानाच्या धंद्यातील तोट्याशीही याचा मेळ घालता येत नाही.

आणखी एक धोका थेट चालू खात्यावर येतो. एक्स्चेंज टाळून अनोळखी व्यक्तीला नाणे विकले आणि त्याने पाठविलेली रक्कम सायबर फसवणुकीतील निघाली, तर दूरच्या राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून आपले खाते गोठविले जाऊ शकते. हंगामात शेतकऱ्यांची देणी अडली की आडत दुकानाची पत एका दिवसात जाते. म्हणून व्यवहार करायचाच तर फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी केलेल्या एक्स्चेंजवर, वेगळ्या बचत खात्यातून, आणि ज्या रकमेवाचून घराचे वा दुकानाचे काहीही अडणार नाही तेवढ्यानेच करावा. कॅश क्रेडिटची रक्कम मालासाठी मंजूर झालेली असते. ती इकडे वळविणे हा बँकेशी केलेल्या कराराचा भंग आहे, मग भाव चढो अथवा उतरो.

जुन्या हुंडीची एक व्यवस्था येथे मुद्दाम आठवावी अशी आहे. हुंडी वाटेत गहाळ झाली तर दुसरी प्रत लिहून दिली जाई, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर परपैठ. घराण्यांची एकमेकांशी ओळख असल्याने पैसा बुडत नसे. बिटकॉईनला पैठ नाही. बारा किंवा चोवीस शब्दांची गुप्त चावी हरवली की नाणे वहीत दिसत राहते, पण कोणाचेच उरत नाही. वेल्समधील न्यूपोर्ट येथे २०१३ मध्ये एका गृहस्थाची हार्ड डिस्क कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉईनची चावी होती, आणि तो कचरा उकरण्याची परवानगी त्याला आजतागायत मिळाली नाही.

ज्या घरात मुलाने अशी नाणी घेतली आहेत, तेथे वडिलांनी रागावण्याआधी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. नाणी एक्स्चेंजवर आहेत की स्वतःच्या वॉलेटमध्ये; खरेदीच्या नोंदी कोठे आहेत; विवरणपत्रात त्या दाखविल्या आहेत का; आणि चावीचे शब्द कोणाजवळ आहेत. ते शब्द मोबाईलमध्ये छायाचित्र काढून न ठेवता कागदावर लिहून, पाकीट मोहोरबंद करून, बँकेच्या लॉकरमध्ये मृत्युपत्राशेजारी ठेवावेत, आणि पाकीट तेथे आहे हे सुनेलाही ठाऊक असावे.