पालखी आणि एक जून

“पालखी सणसरला मुक्कामाला होती बघा मॅडम, त्या रात्री झाली ही,” आई म्हणाली. मी शाळेच्या दाखल्यावर बोट ठेवलं. तिथं जन्मतारीख होती १ जून.

एक जून म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पोर शाळेत घालताना तारीख सांगता आली नाही की गुरुजी तीच लिहून मोकळे व्हायचे. एरवी त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. या प्रकरणात मात्र फिर्यादीतली घटना एक जून आणि पालखी यांच्या मधल्या आठवड्यांतली होती. शाळेच्या हिशेबानं मुलीला सोळा पूर्ण झालेली, आईच्या हिशेबानं नाहीत.

बारामतीच्या सत्र न्यायालयात मी अशा प्रकरणांत फिर्यादीच्या बाजूनं उभी राहते. इथं लिहिताना ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. अटकपूर्व जामिनाच्या अर्जाला आम्ही वकील ‘एबीए’ म्हणतो. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली येतो, त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४३८ होतं. सोळा वर्षांखालील मुलीवर बलात्काराचा आरोप असेल, तर हा अर्ज करण्याची वाटच कायद्यानं बंद केली आहे. २०१८ च्या दुरुस्तीनं आलेली ही बंदी नव्या कायद्यातही राहिली. सोळा पूर्ण आणि अठरा अपुरी असेल, तर पोक्सो लागतोच, पण सामूहिक अत्याचाराचा आरोप नसेल तर अर्ज विचारात घेता येतो. म्हणून काय घडलं, याच्याआधी मुलगी कधी जन्मली याचा वाद सुरू होतो.

अर्ज दाखल झाला की न्यायालय पोलिसांचं म्हणणं मागवतं. कोर्टात त्याला ‘से’ म्हणतात. तपासी अंमलदार बंदोबस्तात असतो, केस डायरी यायची असते, तारीख पुढं जाते. तेवढ्या काळासाठी आरोपीचे वकील अंतरिम संरक्षण मागतात. आमच्या प्रकरणात ते मिळालं होतं. पीडितेशी संपर्क करायचा नाही, ठरल्या वेळी पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची, अशा अटी होत्या. आरोपीनं त्या पाळल्या. तो मुलीच्या घरी आला नाही, पण त्याची चुलती आली, मग गावातले दोन जाणते आले. आरोपीचं घर त्याच वस्तीवर होतं. मुलगी शेळ्यांना पाणी पाजायलाही बाहेर पडेना. अटी आरोपीवर असतात, भावकीवर नसतात, हे मी आईला कसं सांगणार?

अशा दिवसांत मला जळगावचं प्रकरण आठवतं. मुलगी शाळकरी होती, आरोपी सरकारी कंपनीत नोकरीला. फिर्याद होऊ नये म्हणून मुलीच्या आईची स्टॅम्पपेपरवर सही घेतली आणि मुलगी अठराची झाली की लग्न लावू असा शब्द दिला, असा आरोप होता. सत्र न्यायालयानं अटकपूर्व जामीन दिला. तो ५ फेब्रुवारी २०२१ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं कडक शब्दांत रद्द केला. १ मार्चला सर्वोच्च न्यायालयानं आरोपीची याचिका मान्य केली नाही, पण नियमित जामिनासाठी अर्ज करता यावा म्हणून अटकेपासून चार आठवड्यांचं संरक्षण दिलं. त्या सुनावणीत ‘तिच्याशी लग्न करणार का’ असं आरोपीला विचारलं गेलं, त्यावर देशभर चर्चा झाली. मला मात्र तो स्टॅम्पपेपर डोळ्यांपुढून हलत नाही. तसले कागद आमच्याकडेही पुढं येतात.

सगळ्याच अर्जांना मी विरोध करत नाही. सतरा वर्षांची मुलगी आणि विशीचा मुलगा राजीखुशीनं पळून गेलेले, घरच्यांनी रागानं फिर्याद दिलेली, अशीही प्रकरणं येतात. तिथं त्या पोराला संरक्षण मिळावं असं मला मनापासून वाटतं. प्रतिस्पर्ध्याला खोट्या गुन्ह्यात अडकवून तुरुंगात डांबतात, हे पाहूनच विधी आयोगानं १९६९ मध्ये अटकपूर्व जामिनाच्या तरतुदीची शिफारस केली होती. अशा खोट्या गुन्ह्यांची गावकीला चांगली ओळख आहे.

पण फिर्यादीची बाजू ऐकायला ती आधी कोर्टात पोचली पाहिजे. पोक्सोच्या प्रकरणात जामीनअर्जाची सूचना मुलीच्या पालकांना मिळालीच पाहिजे, असं मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल २०२१ मध्ये एका जनहित याचिकेत बजावलं आहे. या आईला सूचना मिळाली ती आदल्या रात्री साडेनऊला, फोनवर: “उद्या बारामतीला या.” अर्जाची प्रत नाही. डाळिंबाच्या बागेतल्या कामाचा खाडा करून ती सकाळच्या एसटीनं आली आणि मी तारीख वाढवून मागितली. त्या मिळालेल्या दिवसांत आम्ही वयाचा कागद शोधला.

बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीची वा नगरपालिकेची जन्मनोंद, तीही नसेल तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीतून वयाचा अंदाज मिळतो. त्यात दोन वर्षं इकडंतिकडं होऊ शकतात, आमच्या काही आठवड्यांचा निकाल त्यातून लागला नसता. मग शाळेचा एक जून वरचढ ठरणार होता का? विरुद्ध बाजूनं जोडलेला कागद शाळा सोडल्याचा दाखला होता. तो म्हणजे कायद्याला हवा असलेला जन्मतारखेचा दाखला नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२३ मध्ये पी. युवाप्रकाश प्रकरणात म्हटलं आहे. माझी सगळी भिस्त त्यावर होती.

ग्रामपंचायतीत जुनं रजिस्टर काढलं. पानाची कड वाळवीनं खाल्लेली, मजकूर शाबूत. आईचं नाव, गाव, मुलगी, आणि तारीख. मी त्या वर्षीचं पंचांग काढून पाहिलं. आषाढी एकादशीच्या आधीचे दिवस, पालखी इंदापूर तालुक्यात असतानाचेच. आईनं नोंद वाचली नाही, तिला वाचता येत नाही. तिनं फक्त विचारलं, “हाय ना?”

सुनावणीला न्यायाधीशांनी तिला पुढं बोलावलं, काही सांगायचंय का विचारलं. ती म्हणाली, “साहेब, तारीख मला सांगता येत नव्हती. पण वारकऱ्यांना भाकरी थापताना मला कळा सुरू झाल्या, ते मी इसरन का?” सरकारी वकिलांनी ग्रामपंचायतीची नक्कल पुढं केली. संध्याकाळी साडेपाचला आदेश झाला: अर्ज नामंजूर, अंतरिम संरक्षण संपलं. आरोपीचे वकील उच्च न्यायालयात जाणार, हे त्यांनी बाहेर पडतानाच सांगितलं.

आवारात आईनं नक्कल दुधाच्या पिशवीत घडी करून ठेवली, पिशवीला गाठ मारली.

“मुंबईला पण हाच कागद दाखवायचा ना?”

हाच, मी म्हटलं. शेवटची एसटी लागली होती.