बसायला हक्काची जागा

मागच्या मे महिन्यात मुंबईहून नणंद मुलांना घेऊन आली आणि मुलांनी आल्या आल्या हट्ट धरला, ‘‘मामी, रणगाडे बघायचेत!’’ नगरला पाहुणे आले की रणगाडा संग्रहालय ठरलेलंच. या वेळी मी सासूबाईंनाही म्हटलं, ‘‘आई, तुम्हीपण चला ना.’’

‘‘या वयात रणगाडे बघून मी काय करू गं? तुम्ही जा, मी घर सांभाळते.’’

हे उत्तर मला पाठ होतं. सासरे गेले, तेव्हापासून दोन वर्षं आई उंबऱ्याबाहेर पडायला तयारच नव्हत्या. डॉक्टर म्हणायचे, रोज थोडं चाला. यांचं चालणं म्हणजे देवघर ते गॅलरी! पण लेकीपुढं त्यांचं काही चाललं नाही. रिक्षात बसल्या एकदाच्या.

लष्करानं 1994 मध्ये सुरू केलेलं हे संग्रहालय म्हणजे मोकळ्या आवारात मांडलेले देशोदेशीचे रणगाडे. मुलं हुंदडायला लागली. आई मात्र बघत होत्या हिरवळीकडं. म्हणाल्या, ‘‘लढाईवरनं आलेलं एवढं लोखंड, पण भोवती झाडं लावली की त्याचंही भय वाटत नाही बघ.’’

तिथून जवळच फराहबाग. कुणी फर्याबागही म्हणतं. नगरला सून म्हणून येऊन आईंना पंचेचाळीस वर्षं झाली, पण हा महाल त्या पहिल्यांदाच बघत होत्या. खरं सांगू? मीसुद्धा इतक्या निवांतपणे कधी बघितला नव्हता.

अष्टकोनी, दुमजली महाल. मध्ये उंच घुमटाचं दालन आणि चहूबाजूंनी मोठाल्या कमानी. एके काळी भोवती तलाव होता आणि तलावाच्या पलीकडं बाग. निजामशाहीत मुर्तझा निजामशहाच्या काळात, 1583 मध्ये हे काम पूर्ण झालं. पहिलं बांधकाम राजाच्या मनास आलं नाही, म्हणून ते पाडून पुन्हा बांधलं, असं सांगतात. आपल्याकडं ओटा दोन इंच उंच झाला तरी आपण आयुष्यभर चालवून घेतो!

तलाव आता कोरडा आहे. पण कमानीत जाऊन उभं राहिलं, की त्या कारागिरांची हुशारी कळते. भिंती जाड, छत उंच. कुठूनही वारा आला तरी त्याला वाट आहे, आणि त्या काळी तो पाण्यावरून येत असणार. आपण उन्हाळ्यात खिडकीला ओला पडदा लावतो ना, तेच तंत्र, फक्त राजाच्या थाटात. हे पाणी आणायचं कसं? तर कापूरवाडी, भिंगार अशा आसपासच्या भागांतून नहरी काढून, खापरी नळ टाकून निजामशाहीनं शहराला आणि बागांना पाणी खेळवलं होतं. आजही ज्या नगरमध्ये उन्हाळा आला की आपण नळाच्या वेळा पाठ करतो, तिथली ही गोष्ट!

आई एका कमानीच्या कडेला टेकल्या. गार वाऱ्यात बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, ‘‘इथं बायका बसत असतील का गं?’’

‘‘राजघराण्यातल्या बसत असतील की.’’

‘‘त्या नाही. तुझ्या-माझ्यासारख्या.’’

मैत्रिणींनो, त्या प्रश्नानं माझी झोप उडवली. खरंच, तुम्ही-आम्ही कुठं बसतो? पुरुषांना पार आहे, चहाची टपरी आहे, चौकातला कट्टा आहे. बाई घराबाहेर दिसली की तिच्याकडं कारण लागतं. भाजी, बँक, दवाखाना, देऊळ. नुसतं बसायला, काहीही न करता, तिला जागा कुठली? बागच ना!

पण आमच्या भागातली बाग आठवली आणि हसूच आलं. दारात सिमेंटची दोन हरणं, मध्ये बंद पडलेलं कारंजं. बाकं सगळी भर उन्हात, सावली भलतीकडं. स्वच्छतागृह आहे, पण त्याला कुलूप. शोभा सगळी आहे, सोय तेवढी नाही. माणूस कुठं टेकेल, हा विचारच कुणी केलेला नाही.

तो करणारे लोक जगात आहेत. स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात गाउदी नावाच्या वास्तुशिल्पकारानं 1900 ते 1914 या काळात एक वसाहत आखली, श्रीमंतांसाठी. घरं काही खपली नाहीत. पुढे 1926 मध्ये तीच जागा सगळ्यांसाठी बाग म्हणून खुली झाली. ग्यूएल पार्क तिचं नाव. तिथं नागमोडी वळणांचा एक लांबच लांब कट्टा आहे, रंगीत फरश्यांच्या तुकड्यांनी मढवलेला आणि पाठीला आधार देणारा. वरच्या अंगणातलं पावसाचं पाणी खालच्या दगडी खांबांतून जमिनीखालच्या टाकीत जातं. म्हणजे तोच कट्टा, तेच खांब. शोभाही आणि सोयही.

आणि त्यासाठी पैसाच लागतो असंही नाही. आपल्या चंडीगडचं रॉक गार्डन बघा. नेकचंद हे साधे सरकारी रस्ते निरीक्षक. फुटक्या बांगड्या, फुटक्या कपबशा, टाकाऊ भांडी गोळा करून त्यांनी रानात गुपचूप बाग उभी केली. 1976 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. आपण ‘वाढवल्या’ म्हणून बाजूला टाकतो त्या बांगड्यांच्या तिथं मूर्ती झाल्या आहेत.

पण आईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला घराजवळच सापडलं. 2024 मध्ये आपल्या जिल्ह्याला जिचं नाव मिळालं, ती अहिल्याबाई 1725 मध्ये जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मली. तिनं देशभर काय बांधलं? घाट, विहिरी, धर्मशाळा, देवळं. महेश्वरचा नर्मदेवरचा घाट आठवा. तिथंही दगड आहे, कोरीवकाम आहे, पाणी आहे. पण पायरी सगळ्यांची! वाटसरूची, धुणं धुणाऱ्या बाईची, थकलेल्या म्हातारीची. फराहबागेला राजाचा थाट होता, या पायऱ्यांना माणसांची ये-जा होती. तिच्या नावाच्या जिल्ह्यात बाईला टेकायला सावलीतलं बाक मिळू नये?

मग आम्ही सात-आठ जणींनी अर्ज लिहिला. हरणं नकोत, कारंजं नंतर बघू. बाकं कडुनिंबाखाली हलवा, दिवा लावा, स्वच्छतागृहाचं कुलूप काढा. चार महिने खेटे घातले. दोन बाकं हलली. दिवा लागला. कुलूप अजून आहे, आणि आमचे खेटेही चालूच आहेत.

आई पहिल्या दिवशी माझा हात धरून गेल्या. दुसऱ्या आठवड्यात मागच्या गल्लीतल्या मावशींचा. परवा संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, तर दारातून आवाज आला, ‘‘अगं, मी निघाले बाकावर. यायला उशीर होईल, चहा तू घेऊन घे.’’

दोन वर्षं गॅलरीच्या पलीकडं न गेलेल्या आईंच्या पायात चपला होत्या. आणि कुठं जाताय, कशाला जाताय, असं मी विचारलं नाही.