एलएमएस घेताना : लहान उद्योगांचे पाच गैरसमज

वर्कशॉपमध्ये नवा मुलगा रुजू झाला की त्याला शिकवायचं काम जुन्या कारागिराकडे येतं. तो कारागीर नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर ते ज्ञानही जातं. लर्निंग मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजेच एलएमएस, हे शिक्षण व्हिडिओ, पाठ आणि चाचण्यांच्या रूपात जपून ठेवते आणि कोण काय शिकलं याची नोंद करते. वीस-पंचवीस माणसांच्या उद्योगालाही ती परवडू शकते. मात्र निवडताना काही समजुती आड येतात.

गैरसमज १ : व्हॉट्सॲप ग्रुप असताना वेगळी सिस्टीम कशाला?
वस्तुस्थिती : निरोपासाठी ग्रुप उत्तम आहे. पण व्हिडिओ उघडणं आणि तो समजणं यांत फरक असतो, आणि तो ग्रुपवर कळत नाही. शिवाय नोंद कायद्यालाही लागते. महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार मालकाने ठरावीक काळाने जागृती कार्यक्रम घ्यायचे असतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी आणि तिच्या वार्षिक अहवालात अशा कार्यक्रमांची संख्या द्यावी लागते.

गैरसमज २ : मुक्त सॉफ्टवेअर घेतलं की खर्च शून्य.
वस्तुस्थिती : मूडल ही मुक्त एलएमएस २००२ पासून उपलब्ध आहे, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची एलएमएसही मुक्त आहे. दोन्हींना परवाना शुल्क नाही. पण सर्व्हर, बॅकअप, अद्ययावतीकरण आणि बिघाड दुरुस्त करणारा माणूस यांचे पैसे लागतात. तुमच्याकडे तांत्रिक माणूस असेल तर हा मार्ग खरोखर स्वस्त पडतो. नसेल तर महिन्याचं भाडं देऊन तयार सेवा घेणंच शहाणपणाचं.

गैरसमज ३ : माणशी दर कमी, तीच सिस्टीम स्वस्त.
वस्तुस्थिती : दर कशावर आकारला जातो ते आधी बघा. समजा, तुमच्याकडे ४० माणसं आहेत, पण महिन्याला २० जणच काही शिकतात. एक कंपनी नोंदणी केलेल्या प्रत्येकामागे १०० रुपये घेते, पण किमान ५० जणांचे पैसे मागते : महिना ५,००० रुपये. दुसरी फक्त सक्रिय माणसामागे १८० रुपये घेते : ३,६०० रुपये. वरकरणी महाग तीच इथे स्वस्त. यावर जीएसटी धरा. परदेशी कंपनीची सेवा घेतली तर नोंदणीकृत व्यावसायिकाला तो रिव्हर्स चार्जने स्वतः भरावा लागतो. कंपोझिशन योजनेत असाल तर त्याचं क्रेडिटही मिळत नाही.

गैरसमज ४ : जितक्या सुविधा जास्त, तितकं चांगलं.
वस्तुस्थिती : लहान उद्योगाला पाच गोष्टी पुरतात : मोबाइलवर चालणं, मराठी मजकूर नीट दिसणं, छोटी चाचणी, पूर्ण केल्याची नोंद आणि मुदत संपण्याआधी आठवण. बहुतेक कामगारांकडे लॅपटॉप नसतो. फोनच्या पडद्यावर जी अडखळते ती सिस्टीम कितीही संपन्न असो, कामाची नाही.

गैरसमज ५ : नाही पटली तर बदलू, त्यात काय!
वस्तुस्थिती : स्कॉर्म या प्रमाणित स्वरूपात बनवलेला पाठ एका सिस्टीममधून दुसरीत नेता येतो. मात्र स्कॉर्म फाइलमध्ये फक्त पाठ असतो. कोण उत्तीर्ण झालं, केव्हा झालं, हा इतिहास त्यात येत नाही. तो एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये काढून मिळेल का, हे करारापूर्वीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

वर्षभराचे पैसे भरण्याआधी आपल्या कामाचा एकच पाठ बनवा आणि चाचणी काळात तो पाच कामगारांना त्यांच्याच फोनवर करायला द्या. नंतर तीन वर्षांचा एकूण खर्च कागदावर मांडा. कामगार जी खरोखर वापरतात आणि सोडताना जी तुमची माहिती तुमच्या हाती देते, तीच सिस्टीम तुम्हाला परवडणारी.