श्वास आवरून

आजोबांनी केलेली पहिली सूचना कॅमेऱ्याबद्दल नव्हतीच. त्यांनी स्वतःच्या तोंडापुढे हात धरला आणि मला मान वळवायची खूण केली. भाच्याने भाषांतर केलं, "मावशी, श्वास तिकडे सोड म्हणतायत."

आम्ही गोठ्याला लागून असलेल्या पडवीत उभे होतो. भिंतीपलीकडे गाई रवंथ करत होत्या आणि फटींमधून मुरघासाचा आंबूस-गोडसर वास येत होता. संगमनेरकडच्या गोठ्यांत येतो, अगदी तोच. जपानच्या उत्तरेला, होक्काइदो बेटावरच्या त्सुरुइ गावात, फेब्रुवारीतल्या रात्री तो नाकात शिरला आणि क्षणभर मी कुठे आहे हेच विसरले.

मी इथवर आले ती एका फोटोमुळे. तोक्योत निशी-कासाईला राहणाऱ्या या भाच्याने तो पाठवला होता. काळ्या लोकरीच्या धाग्याला अडकलेली सहा फांद्यांची चांदणी. मला आधी तो दागिनाच वाटला. त्याने कळवलं, "हिमकण आहे. जेमतेम तीन मिलिमीटरचा. आणि फोटो काढणारे आजोबा जन्मभर गाई पाळत आलेत." फुलं नाहीत, पानं नाहीत, मग हिवाळ्यात फोटो कशाचे काढायचे, असं म्हणणाऱ्यांतली मी. तिकीट काढलं.

पहिल्या दोन रात्री बर्फ पडलाच नाही. कुशिरोच्या आसपासचा हा भाग होक्काइदोत असूनही हिवाळ्यात बराच कोरडा. लख्ख ऊन आणि हाडं गोठवणारी थंडी. आजोबा आभाळाकडे पाहायचे, मान हलवायचे आणि "मायनस जूगो" असं काहीतरी पुटपुटत आत जायचे. जूगो म्हणजे पंधरा. गोठ्याच्या दारावरचा तापमापक तर उणे सहा दाखवत होता. मला वाटलं, वय झालंय, आकडा नीट दिसत नसेल.

मधल्या पहाटे आम्ही सगळे जातात तिथे गेलो, ओतोवा पुलावर. त्सुरुइ या नावातला 'त्सुरु' म्हणजेच क्रौंच. डोक्यावर लाल टिकली असलेले तांचो क्रौंच रात्री सेत्सुरी नदीच्या उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. झऱ्यांच्या पाण्यामुळे ही नदी गोठत नाही. पाणी हवेपेक्षा कितीतरी उबदार, त्यामुळे कडाक्याच्या पहाटे त्यावरून वाफ उठते, काठच्या झाडांवर गोठते आणि फांदी न् फांदी पांढरी होते. साडेपाचला पोचलो, तेव्हा कठड्यापाशी ट्रायपॉडची रांग लागून गेली होती, एकादशीला पंढरपुरात लागावी तशी. फक्त इथे कुणी बोलत नव्हतं. सूर्य वर आला, धुकं गुलाबी झालं, त्यात करड्या आकृत्या हलल्या आणि शंभरेक कॅमेरे एकदम कडकडले. माझा फोटो सुरेख आला. शेजारच्याचाही तोच आला.

परतल्यावर आजोबांना तो कौतुकाने दाखवला. त्यांनी वाकून पाहिला, "किरेई" म्हणजे सुंदर म्हणाले आणि कॅमेरा परत दिला. भाच्याने विचारलं, तुम्ही नाही काढत क्रौंचांचे? ते हसले. "ते माझा मुरघास खातात. शेजाऱ्यांचे फोटो कोण काढतं?"

या शेजाऱ्यांची गोष्ट मोठी आहे. शिकारीमुळे आणि दलदली आटवल्यामुळे तांचो जपानमधून संपले, असं धरलं गेलं होतं. १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत थोडेसे सापडले. १९५२च्या मोजणीत भरले अवघे तेहेतीस. त्या सुमाराच्या कडक हिवाळ्यांत शेतकऱ्यांनी आणि शाळकरी पोरांनी त्यांच्यापुढे मका टाकला. आजोबा तेव्हा त्या पोरांच्या वयाचे. आज क्रौंचांची संख्या दीड हजाराच्या पुढे गेली आहे. पण सगळे दाण्यासाठी त्याच दोन-चार जागी गोळा होतात. एखादी साथ आली तर काय, ही धास्ती आहे, आणि शेतात-गोठ्यात घुसून ते नासधूस करतात हेही आहेच. म्हणून गेली काही वर्षं पर्यावरण मंत्रालय सरकारी मक्याचं प्रमाण हळूहळू कमी करत आणतं आहे. माया लावायची आणि मग ती जपून मागे घ्यायची, असं हे अवघड काम.

होक्काइदोतल्याच बिएइ गावाची गोष्ट आजोबांनी काढली. तिथल्या शेतात एक पोपलर जरासा कलून उभा होता. विचारात पडलेल्या माणसासारखा दिसायचा, म्हणून त्याला तत्त्वज्ञानाचं झाड म्हणत. पांढऱ्या टेकडीवर एकटं काळं झाड, हिवाळी फोटोसाठी याहून काय हवं? लोक शेतात शिरून बर्फ तुडवायचे. त्या भागात बर्फाखाली गहू पेरलेला असतो, हे कुणाच्या ध्यानी नसे. झाडही म्हातारं झालं होतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये जमिनीच्या मालकाने ते पाडलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच गावात रस्त्याकडेची चाळीसेक बर्चची झाडंही गेली. गर्दीला आणि शेतावर पडणाऱ्या सावलीला कंटाळून शेतकऱ्यांनीच ती तोडायला सांगितली होती. आजोबा कुणाला दोष देत नव्हते. "झाड पुन्हा पुन्हा बघायला येता येतं, तिथेच घोटाळा होतो," एवढंच म्हणाले.

तिसऱ्या रात्री नऊच्या सुमाराला दारावर टकटक झाली. बर्फ पडत होता.

काळ्या लोकरीचं कापड ताणून बसवलेली पाटी संध्याकाळपासून बाहेर गारठत ठेवलेली होती. कॅमेराही बाहेरच. बॅटऱ्या मात्र आजोबांच्या आतल्या खिशात, कारण थंडीत त्या बघता बघता मान टाकतात. पाटी दहा-बारा सेकंद आभाळाखाली धरायची, आत आणायची, भिंग फिरवायचं, नको ते कण हलक्या कुंचल्याने बाजूला सारायचे, फोकस, क्लिक. सांगायला इतकंच. पण बहुतेक कण तुटके, एकमेकांत गुंतलेले, नाहीतर नुसता भुगा. आजोबा पाटी झटकून पुन्हा बाहेर धरत होते. विसाव्या का पंचविसाव्या खेपेला ते थबकले.

मी भिंगातून पाहिलं. मधे षटकोनी चकती, तिच्या सहा कोपऱ्यांतून सहा फांद्या, त्यांना नेचाच्या पानासारख्या उपफांद्या. आजोबांनी वर बोट दाखवलं. "मायनस जूगो."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. उणे पंधरा इथलं नव्हे, वरचं. कणाचा आकार ढगातच ठरतो. ढगात उणे पाचच्या आसपास सुया तयार होतात. पुरेशी वाफ असेल आणि तापमान उणे पंधराजवळ असेल, तर अशी फांद्याफांद्यांची चांदणी. खाली येताना थर बदलला की वाढीची तऱ्हा बदलते. हे कोडं सोडवलं उकिचिरो नाकाया यांनी. आधी तोकाची पर्वतावर त्यांनी हिमकणांचे फोटो काढले, सुमारे तीन हजार. मग १९३६च्या मार्चमध्ये, साप्पोरोतल्या होक्काइदो विद्यापीठाच्या शीतकक्षात, सशाच्या केसाच्या टोकावर जगातला पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवून दाखवला. कुठल्या तापमानाला कुठला आकार, हे मांडणाऱ्या त्यांच्या तक्त्यामुळे पाटीवरचा कण पाहून वरच्या ढगाचा अंदाज बांधता येतो. आजोबा आभाळाकडे बघत काय पुटपुटायचे, ते आता उमगलं. दारावरचा तापमापक ते बघतच नव्हते.

नाकायांच्याही शंभर वर्षं आधी कोगाचे सरदार दोई तोशित्सुरा याच नादाला लागले होते. थंड केलेल्या काळ्या कापडावर कण झेलायचा, चिमट्याने काळ्या लाखेच्या भांड्यात ठेवायचा, ओलंदेज सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि तेवढा वेळ त्याला आपला श्वास लागू द्यायचा नाही. १८३२च्या त्यांच्या पुस्तकात अशा ८६ आकृत्या आहेत. पुढे ती नक्षी किमोनोंवरही उतरली. सूक्ष्मदर्शकाच्या जागी कॅमेरा आला. श्वासाचा नियम मात्र तोच राहिला.

या कामात माणसाची ऊबच आडवी येते. बोट, श्वास, विजेरी, सगळं नको तितकं गरम. आजोबांनी गळपट्टा नाकापर्यंत ओढला होता. ते छाती भरून घ्यायचे, वाकायचे आणि क्लिक झाल्यावर मान वळवून श्वास सोडायचे. असं रात्रभर. गाईंच्या अंगची ऊब भिंतीपलीकडे आणि हा माणूस स्वतःची ऊब कोंडून उभा.

मग त्यांनी मला जागा दिली. मी वाकले, फोकस लावला, एक फोटो घेतला. दुसऱ्याला नकळत तोंडून निघालं, "अगं बाई!" तेवढ्याने एक फांदी विरघळली. तिच्या जागी इवलासा थेंब. आजोबा काही बोलले नाहीत. पाटी झटकून पुन्हा बर्फात धरली.

त्या रात्री फोटो बघायला मिळाले नाहीत. थंड कॅमेरा एकदम उबेत आणला की आत दव धरतं, म्हणून पिशवीत घट्ट बंद करून तो सकाळपर्यंत ओसरीत ठेवला. निशी-कासाईला परतल्यावर पिशवी उघडली, तर हातमोज्यांना मुरघासाचा वास होता. फोटो दोन. पहिला निर्दोष. दुसऱ्यात पाच फांद्या आणि एक थेंब.

भाच्याला मोठा करून लावायला मी दुसरा दिला.