नर्सिंगच्या मुलामुलींना रुग्णसुरक्षा शिकवतात, म्हणजे नेमकं काय?

बारावी सायन्स झाली की केंदूर-पाबळ पट्ट्यातल्या आपल्या घरांतही आता बी.एस्सी. नर्सिंगचं नाव निघतं. सीईटी, फी, होस्टेल, सगळ्याची चौकशी होते. चार वर्षांत मुलगी शिकणार काय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. इंजेक्शन, सलाईन, बँडेज, एवढंच आपल्या डोक्यात असतं.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये सेमिस्टर पद्धतीचा नवा अभ्यासक्रम आणला. त्यात सूक्ष्मजीवशास्त्राच्या विषयाच्या नावातच संसर्ग नियंत्रण आणि सुरक्षा हे शब्द आहेत. दवाखान्यात बरं व्हायला आलेल्या माणसाला दवाखान्यामुळेच इजा होऊ नये, हा त्याचा साधा अर्थ.

अशी इजा कशी होते, हे यवतमाळ जिल्ह्यात दिसलं. ३१ जानेवारी २०२१ ला घाटंजी तालुक्यातल्या एका गावात पल्स पोलिओच्या दिवशी पाच वर्षांखालच्या १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हँड सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. सुदैवाने सगळी वाचली. बूथवरच्या कर्मचाऱ्यांवर कारवाई झाली. ती व्हायलाच हवी होती. पण वर्गात प्रश्न इथून पुढे सुरू होतो: सॅनिटायझर लसीच्या जवळ ठेवलंच कसं गेलं? बाटलीवरचं लेबल कुणी का वाचलं नाही? पोलिओच्या बाटलीवर लस चांगली आहे की खराब, हे दाखवणारी रंग बदलणारी खूण असते. प्रत्येक बाटलीची ती खूण पाहायची सवय हाताला असती, तर चूक पहिल्या बाळाआधीच सापडली असती. माणूस बदलला आणि टेबल तसंच राहिलं, तर तीच चूक दुसरा माणूस करेल.

म्हणून सवयी लावल्या जातात. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ तपासायची. यातला पहिला मुद्दा आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचा. एकाच वॉर्डात दोन फातिमा शेख असणं काही नवल नाही. कागदावर कुठे मोहम्मद, कुठे महंमद. त्यामुळे नुसत्या नावावर किंवा खाटेच्या नंबरावर विश्वास ठेवायचा नाही; नावाबरोबर जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांकही जुळवायचा. आणि “तुम्ही फातिमा ना?” असं विचारायचं नाही. गुंगीतला किंवा कमी ऐकू येणारा माणूस कशालाही “हौ” म्हणतो. “तुमचं पूर्ण नाव सांगा,” असं विचारायचं. नर्सने तिसऱ्यांदा नाव विचारलं म्हणून चिडणारे नातेवाईक बरेच. ती तिचं काम नीट करतेय.

इन्सुलिनचं उदाहरण तर घरातलंच आहे. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींत मिळतं, आणि दोन्हीच्या सिरिंज वेगळ्या. अदलाबदल झाली की मात्रा अडीच पट वाढते किंवा तेवढीच घटते. रमजानमध्ये पेशंट रोजा आहे हे सांगत नाही आणि साखर घसरते. हे आपणहून विचारणं, हासुद्धा नर्सच्या शिक्षणाचाच भाग.

बाहीचा प्रश्न आपल्या घरांत हमखास निघतो. वॉर्डात बांगड्या, अंगठ्या आणि लांब बाह्यांना आक्षेप असतो, त्याचं कारण हात मनगटापर्यंत नीट धुता यावेत हे आहे. मुलीच्या पोशाखाबद्दल काही शंका असेल तर प्रवेशाआधीच कॉलेजशी मोकळेपणाने बोलून घ्यावं.

सगळ्यात अवघड धडा मात्र पुस्तकात मावत नाही. चूक होता होता राहिली, तर ती लपवायची की सांगायची? ओरडा बसेल, नोकरी जाईल, या भीतीने लपवली की वॉर्ड काहीच शिकत नाही. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा जास्त वाटली, तर १९-२० वर्षांच्या मुलीने “सर, एकदा बघता का?” म्हणायचं धाडस कुठून आणायचं? मोठ्यांना उलट बोलू नये असं आपण घरात शिकवतो, आणि इथे तर तिने बोलणंच अपेक्षित असतं. चांगल्या कॉलेजात याचा सराव पुतळ्यावर, खोटे प्रसंग उभे करून घेतात.

तेव्हा कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीबरोबर हेही विचारा: कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का, सरावाची लॅब रोज उघडते की तपासणीपुरती, आणि वॉर्डात मुलींबरोबर शिक्षिका उभ्या असतात का.